मागच्या मेंढीचं रक्त

मी एक मेंढा. खच्ची केलेला, म्हातारा, पुढचे दात गळालेला. माझ्या गळ्यात घंटा आहे. घंटेच्या वरची लोकर बोटानं बाजूला सारलीत तर कातडीत तीन गाठी हाताला लागतील, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. त्या सुईच्या आहेत. माझी गोष्ट म्हणाल तर त्या तीन गाठींचीच. बाकी आयुष्य मेंढ्याचं असतं तसं. खाल्लं, चाललो, बसलो.

मी हळू बोलतो. जन्मभर हळू चाललेल्यानं एकदम भरभर बोलायला लागणं बरं दिसत नाही.

माझा जन्म तापीच्या वाळूतला. ठेलाऱ्यांची खांड नंदुरबारच्या माळावरून निघून तापी ओलांडून शहाद्याकडे चालली होती. खांड म्हणजे मेंढ्यांचा मोठा कळप. माझ्या आईनं मला वाळूत टाकलं आणि ती तिथेच आडवी झाली ती उठली नाही. खांड कोणासाठी थांबत नाही. मीही तिथेच राहिलो असतो, पण मागून येणाऱ्या कौसाबाईनं मला उचलून पदरात गुंडाळलं. शेळीच्या दुधात चिंधी भिजवून ती माझ्या तोंडात देई. दूध नसलं की गुळाचं पाणी. या मुलखात गुळाला गूय म्हणतात, म्हणून माझं नाव गुय्या पडलं.

कौसाबाईचा नवरा धुडकू. जातीचा ठेलारी, म्हणजे मेंढ्यांमागे चालण्यातच जन्म गेलेला माणूस. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, बोलणं मोजकं. मी वर्षाचा होत आलो तेव्हा त्यानंच मला खच्ची केलं. त्याचा मला राग नाही. खांडीच्या पुढे चालायला खच्ची मेंढाच लागतो. तसा नसला तर तो पुढे चालतच नाही, मेंढ्यांच्या मागे मागे हिंडतो.

मी पुढे चालायला शिकलो. तापीच्या पाण्यात आधी मी पाय घालायचा, मग बाकीच्यांनी. मी थांबलो की सगळी खांड थांबे. म्हणून माझे लाड होत. इतर मेंढ्या शेतातला पाचोळा खात, मला भाकरीचा तुकडा मिळे. त्या डबक्याचं पाणी पीत, मला कौसाबाई हंड्यातलं पाणी पितळीत ओतून देई. लोकर कातरायच्या वेळी माझ्या मानेची लोकर धुडकू कापत नसे, तिच्यावर घंटा शोभते म्हणे. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मी दोन दाती, म्हणजे दीड-दोन वर्षांचा होतो, आणि शहाद्याच्या बाजारात लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "काय मेंढा शे, दादा."

आता धनूचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

धनुबाई ही धुडकू आणि कौसाबाईची एकुलती मुलगी. धुडकूच्या घरात रीत अशी की मुलगी जन्मली की तिच्या नावानं एक कोकरी सोडायची. ती कोकरी वाढते, विते, तिची पिल्लं वितात. मुलीचं लग्न होईतो तिची स्वतःची एक छोटी खांड उभी राहते. लग्नानंतर ती त्या मेंढ्या हाकत सासरी जाते. घरात मग तिला कोणी उसनी सून म्हणत नाही. तिचं तोंड तिच्या मेंढ्यांमुळे वर राहतं.

धनूच्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा लाल ठिपका असे. मी पुढून मागे वळून पाहिलं की खांडीत ते ठिपके दिसत, पळस फुलल्यासारखे. धनू त्या प्रत्येकीला नावानं ओळखे. तिची सगळ्यात आवडती तांबडी, कानांपर्यंत तांबूस मेंढी. धनूचं लग्न म्हसावदकडच्या घरी ठरलं होतं. येत्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की. आधी सासरची माणसं येऊन मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवून जायची होती.

त्या वर्षी पाऊस जास्त झाला. गवत पिवळं पडलं तरी जमिनीत ओल राहिली. दिवाळी झाली आणि लोणखेड्याजवळ पितांबरभाई गुजरच्या शेतात आमची खांड बसली. कापूस निघालेल्या शेतात मेंढ्या बसवतात. आमच्या लेंड्या त्याच्या शेताला खत, बदल्यात आम्हाला चारा आणि धुडकूला दाणे.

पितांबरभाई सकाळी बांधावर उभा राहून म्हणाला, "धुडकू, तुन्ह्या मेंढ्या काय खाई ऱ्हायन्यात? लेंड्या त पडतसच नहीत."

"थंडी शे, भाई," धुडकू म्हणाला.

"थंडीमा मी बी कमी हागस का?"

धुडकू हसला नाही. त्यानं खांडीकडे पाहिलं. मागच्या मेंढ्या चरताना मधेच बसत होत्या. दोघी-तिघींच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायला लागली होती. संध्याकाळी ती फुगे, सकाळी थोडी कमी होई. लांबून काही कळत नसे. लोकर अंगावर असली की मेंढी लांबून गुबगुबीतच दिसते.

त्याच दिवसांत सरकारची एक योजना आली. शहाद्याच्या ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर गावोगाव हिंडून मेंढ्यांचं रक्त तपासू लागले. डॉक्टरांचं नाव करणसिंग गिरासे. इथलाच राजपूत, म्हणून आपल्या बोलीत बोले. बरोबर दाऊद, दवाखान्यातला जुना नोकर. पेटी त्याच्या डोक्यावर, कात्री त्याच्या हातात, आणि तोंड कधी बंद नाही.

डॉक्टर येणार हे आदल्या दिवशीच कळलं होतं. कौसाबाईनं सकाळी धनूला सांगितलं, "त्या मांगल्या मेंढ्या नालामा लई जाय."

"कसाले, माय?"

"सायेबनी नजर पडी. आन देखनारा काय म्हनी, धुडकूनी खांड अशी शे?"

धनूनं मागच्या, मलूल मेंढ्या नाल्यात उतरवल्या. त्यांत तिच्याच जास्त होत्या. आपल्या मेंढ्यांना ती हिरवं गवत मिळावं म्हणून ओल्या जागी चारी. लाड करी, बिचारी. त्या ओल्या गवतावरच जंत असतात हे तिला कोण सांगणार.

डॉक्टर आले. बाजेवर बसले, गुळाचा चहा प्याले आणि धुडकूला समजावून म्हणाले, "दादा, रंगत देखी की कळस, मेंढ्यास्ले पुरेसं खावाले भेटस का नही, पोटमा जंत शेत का नही. ज्यास्नी रंगत पातळ, त्यास्ले सरकार औषध दी, ढेप दी. चार-दोन मेंढ्या दे मन्हाकडे." रंगत म्हणजे रक्त, ढेप म्हणजे सरकीची पेंड.

धुडकूनं मान हलवली. पण त्याच्या मनात काय बसलं ते मी सांगतो. मी रोज त्याच्या पायांजवळ बसे, त्याचं पुटपुटणं मला ऐकू येई. त्याला वाटलं, सरकार रक्त मागतंय. मागितलं तर द्यायला हवं. मग ज्याच्यात जास्त आहे त्यानं द्यावं. जिचं आधीच पाणी झालंय तिच्या अंगातून आणखी कसं काढायचं? आणि घरी आलेल्या पाहुण्यापुढे कोणी शिळी भाकरी ठेवतं का?

त्यानं माझी मान धरली.

मी उभा राहिलो. मला उभं राहायला शिकवलेलंच होतं. दाऊदनं मानेची लोकर कात्रीनं चट्ट्याएवढी कापली. डॉक्टरांनी अंगठ्यानं शीर दाबली आणि सुई घातली. रक्त गोठू नये म्हणून नळीच्या तळाला पांढरी पूड होती. धुडकू वाकून पाहू लागला तेव्हा दाऊद म्हणाला, "साकर नही ती, धुडकूदादा. चाटू नको, आख्खा दवाखाना माले विचारी." रक्त नळीत उतरलं. गडद लाल. दुखलं असेल, आठवत नाही.

माझ्यामागून घरी बांधून वाढवलेले दोन मेंढे दिले, देवाच्या नावानं सोडलेले, धष्टपुष्ट. डॉक्टरांनी शेताकडे नजर टाकली. "सगळ्या अशाच शेतस ना?" त्यांनी विचारलं.

"एकच खांड शे, सायेब," धुडकू म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

आठवडी बाजारात दाऊद भेटला. धुडकूनं विचारलं, "काय व्हयनं आम्हनं? पास का नापास?"

दाऊद मस्करीला चुकणारा नव्हता. "पास. पयला नंबर. तुन्ही सोतानी रंगत तपासाले दे, ती नापास व्हयी."

धुडकूनं त्या दिवशी गुळाची भेली घेतली. शेजारच्या वाड्यांवर तुकडा तुकडा वाटला. मलाही मिळाला.

दगा हा कौसाबाईचा चुलतभाऊ, त्याची खांड लोणखेड्याच्याच पलीकडे बसलेली. त्याच्याकडे घरी वाढवलेला एकही मेंढा नव्हता, म्हणून त्यानं हाताला लागतील त्या मेंढ्या दिल्या. त्यांचं रक्त पातळ निघालं, म्हणून त्याच्या घरी दाऊद जंतांवरचं मोरचुदाचं पाणी घेऊन गेला, नळकांड्यानं मेंढ्यांच्या घशात ओतलं, आणि मागून बैलगाडीवर ढेपेची पोती आली.

दगा आमच्याकडे येऊन बसला तर धुडकूनं त्याला टोमणा मारला. "काय पावना, मेंढ्या नापास व्हयन्यात म्हने तुन्ह्या."

"व्हयन्यात त," दगा म्हणाला. "सरकार ढेप खावाडी ऱ्हायनं आते त्यास्ले. तू बी होय नापास, भाऊ. लाज कसानी?"

"मन्ही आंडेर म्हसावदले जाई ऱ्हायनी. तिन्हा सासरा आयकी ना, का धुडकूनी खांड नापास शे." आंडेर म्हणजे मुलगी. एवढं बोलून धुडकूनं चिलीम पेटवली. दगानं माझ्याकडे पाहिलं, नाल्याच्या दिशेनं पाहिलं आणि उठला. मेहुण्याच्या घरात जास्त बोलू नये.

पौष लागला आणि मेंढ्या मरायला लागल्या.

मेंढी मरते तेव्हा गाजावाजा होत नाही. ती मागे राहते. मग बसते. मग मान जमिनीला टेकवते. धनू तिच्या तोंडाशी पाणी नेई. पाणी तोंडाबाहेर ओघळे. सकाळी वाघर, म्हणजे खांडीभोवती बांधलेली दोरीची जाळी, सोडली की बाकीच्या उठत आणि ती उठत नसे. धुडकू तिला एका बाजूला ओढी. मी पुढे चालायला लागे. चालायचं माझं काम होतं.

मागे वळून पाहिलं की लाल ठिपके कमी दिसत. पळस झडल्यासारखे. पहिल्यांदा वाटलं, धनू गेरू लावायला विसरली असेल.

कौसाबाईनं देवीला नारळ बोलला. धुडकूनं मेंढ्यांच्या कानाला डाग दिले, कडुनिंबाचा पाला कुटून पाजला. धनू तांबडीला हातानं पाला खाऊ घाली, एकेक पान. तांबडी गाभण होती. तिच्या जबड्याखालीही थैली लोंबायला लागली होती.

होळीच्या सुमाराला डॉक्टर पुन्हा आले. त्यांना गावं पुष्कळ होती आणि उन्हाचा कडाका सुरू झाला होता. चहा झाला. धनू मेंढ्या घेऊन आधीच नाल्यात गेली होती. तिला कोणी सांगायला लागलं नाही.

धुडकूनं माझी मान धरली. या वेळी त्याचा हात जरा घट्ट होता. गेल्या खेपेला पास झालेला माणूस दुसऱ्यांदा नापास होऊ शकत नाही, अशी त्याच्या घरची समजूत. दाऊदनं पहिल्या चट्ट्याच्या खाली लोकर कापली. सुई गेली. रक्त आलं. तसंच गडद.

"मेंढ्या मरी ऱ्हायन्यात का?" डॉक्टरांनी निघताना विचारलं.

"थोड्या," धुडकू म्हणाला. "थंडीना."

पुन्हा पास. या वेळी त्यानं गूळ वाटला नाही.

होळी झाली आणि लोकर कातरायचे दिवस आले. धुडकू आणि कौसाबाई दोघं कात्र्या घेऊन बसले. एकेक मेंढी आडवी पाडायची, लोकर उतरवायची, सोडायची. लोकर उतरलेली मेंढी उठून उभी राही तेव्हा ती ती मेंढी राहतच नसे. पाठीचा कणा करवतीसारखा. फासळ्या मोजाव्यात तशा. पितांबरभाई बांधावरून जाता जाता थांबला. त्या दिवशी त्यानं चेष्टा केली नाही. त्यानं डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली आणि गेला.

माझी लोकर उतरवली तर मी गुबगुबीतच निघालो. मानेची ठेवली. घंटा शोभते.

लोकर विकून धुडकू घरी आला तेव्हा कौसाबाई म्हणाली, "धनून्या मेंढ्या कितल्या ऱ्हायन्यात, देखात का?"

"देखं."

"म्हसावदना पावना आखाजीना आधी येतीन."

"येऊ दे."

एवढंच झालं. धनू चुलीशी बसून भाकरी थापत होती. तिनं भाकर परतली. ती टोपलीत टाकायच्या आधी तिनं एक तुकडा तोडून माझ्यापुढे टाकला, रोजच्यासारखा. मी खाल्ला.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर चैत्राच्या उन्हात आले. आंबा मोहरून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. धनू नाल्यात गेली नव्हती. ती झोपडीच्या मागच्या बाजूला तांबडीपाशी बसून होती. तांबडी आठ दिवसांपूर्वी व्याली होती. कोकरू तिच्या सडाला ढुसण्या देई. दूध येत नसे.

धुडकूनं माझी मान धरली. दाऊदनं कात्री लावली आणि थांबला. माझ्या लांब लोकरीत त्याच्या बोटांना आधीचे दोन चट्टे लागले. लोकर तिथे आखूड उगवली होती. त्यानं वाकून पाहिलं. या वेळी त्यानं मस्करी केली नाही.

"सायेब," तो म्हणाला, "आठे मन्हीच कात्री चालेल शे. दोन डाव."

डॉक्टर माझ्यापाशी गुडघ्यावर बसले. चट्टे पाहिले. मग उभे राहून त्यांनी शेतातल्या कातरलेल्या मेंढ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दादा, दर डाव ह्याच मेंढ्यानी रंगत देस का तू?"

"हा, सायेब."

"आन बाकीना?"

"त्यासमा कोठे शे रंगत, सायेब," धुडकू म्हणाला. "ज्यामा शे त्यानीच देवानी ना. मरतुकडीनी कशी काढू? ती मरी जाई."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली आणि म्हणाले, "मी बी त मांगे जाईसन देखं नही. चहा पिसन गऊ, दोनी डाव." ते धुडकूला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

तेवढ्यात धनू झोपडीमागून आली. तिनं तांबडीला काखांखाली धरून जवळजवळ उचलूनच आणलं होतं. मागे कोकरू. तिनं तांबडीला डॉक्टरांच्या पुढ्यात उभं केलं. तांबडी उभी राहिना, तर धनूनं तिला आपल्या गुडघ्यांत धरलं.

"हिनी ल्या," ती म्हणाली.

"धनू," धुडकू म्हणाला, "हिनी काढू नको. मरी जाई ती."

"ती तशी बी मरी ऱ्हायनी, बा."

धुडकूनं माझी मान सोडली. मी तिथेच उभा राहिलो.

डॉक्टरांनी आधी माझं रक्त घेतलं आणि मग तांबडीचं थोडंसं. तिची शीर सापडायला वेळ लागला. त्यांच्या पेटीत एक लाकडी चौकट होती. तिच्यात तपकिरी काचेच्या दोन कांड्या आणि मधे रिकामी नळी. नळीत थोडं औषध, त्यात रक्ताचा थेंब, आणि मग वरून पाणी थेंब थेंब टाकायचं, नळीचा रंग शेजारच्या काचेशी जुळेपर्यंत. जितकं पाणी जास्त मावेल तितकं रक्त दाट. त्यांनी चौकट उन्हाकडे धरली आणि धुडकूला जवळ बोलावलं.

माझ्या थेंबात पाणी पडत राहिलं. टाक, टाक, तरी गडद. नळी वरपर्यंत भरत आली तेव्हा कुठे रंग जुळला.

नळी धुऊन त्यांनी तांबडीचा थेंब टाकला. पाणी टाकायला हात उचलला आणि खाली घेतला. ते टाकायची गरजच नव्हती. नळीतला रंग काचेपेक्षा आधीच फिका होता. पावसाळ्यात नाल्याला येतं तसं पाणी, मातीचा नुसता वास लागलेलं.

सगळ्यांनी पाहिलं. कौसाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. धुडकू कितीतरी वेळ पाहत राहिला.

"एकच खांड शे ना ही," तो म्हणाला. त्यानं हे कोणाला विचारलं नव्हतं.

त्यानंतर औषध आलं. मोरचुदाचं निळं पाणी दाऊदनं एकेकीच्या घशात ओतलं. मिठाचे खडे टांगले. ढेप आली, पण बैलगाडी यायला वेळ लागला. सरकारची गाडी तिच्या चालीनं चालते, मेंढी तिच्या चालीनं मरते. काही वाचल्या. बऱ्याच वाचल्या म्हणा. पण धनूच्या मेंढ्या आधीच पुष्कळ गेल्या होत्या. लाल ठिपक्याच्या उरल्या त्या तांबडी, तिचं कोकरू आणि एक काळी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी मेंढी.

म्हसावदचे पाहुणे आले. त्यांनी पाठींवर हात फिरवायचं टाळलं. चहा पिऊन, खाली मान घालून बसले. लग्न मोडलं नाही. त्यांच्याही मेंढ्या मरत होत्या, हे पुढे कळलं.

आखाजीनंतर धनू सासरी निघाली. पुढे तिच्या मेंढ्या असायच्या होत्या, पाठोपाठ ती. तीन मेंढ्या हाकत कोणी सासरी जातं का? धुडकू आंदणाच्या पेटीवर बसून राहिला. मग उठला, माझ्यापाशी आला आणि माझ्या पाठीवर त्यानं गेरूचा लाल ठिपका लावला. ठिपका लांबुळका झाला.

खच्ची मेंढा आंदणात देत नाहीत. नवरदेवाच्या मामानं मला पाहून विचारलं, "हाऊ कोकरं दी का?"

माणसं हसली. कौसाबाई म्हणाली, "हाऊ वाट दाखाडी." तिनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. मी चघळला. धुडकूकडे पाहिलं तर तो दुसरीकडे पाहत होता. त्याला आता पुढे चालायला मेंढा उरला नव्हता.

मी निघालो. माझ्या मागे तांबडी, काळी पाठ, कोकरू. त्यांच्यामागे धनू. घाटाच्या बाजूला सातपुड्याची निळी रेघ. मला आठवतं ते एवढंच, की मी दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा मागून काठी नाही, नुसता हात लागला.

ती गोष्ट जुनी झाली. तांबडी म्हातारी होऊन मेली, तिच्या मेंढ्यांच्या मेंढ्या झाल्या. धनूची खांड आता पुन्हा पळस फुलल्यासारखी दिसते. दगा मधे येऊन गेला, त्यानं सांगितलं की धुडकू आता खांडीच्या मागे चालतो, पुढे कोणी नसलं तरी चालवून घेतो. डॉक्टर करणसिंगांची बदली झाली. दाऊद अजून आहे. त्याच्या दाढीत पांढरं आलंय, तोंड तसंच आहे.

दर सहा महिन्यांनी नवे डॉक्टर येतात. धनू त्यांना चहा देते, पण तो नंतर. आधी ती खांडीच्या मागच्या टोकाला जाते. जी बसलेली असेल, जी मागे राहिली असेल, जिच्या जबड्याखाली ओल वाटत असेल, तिला धरून आणते. एकदा तिच्या सासूनं विचारलं, पाहुण्याला असली मरतुकडी दाखवतात का. धनू म्हणाली, "पावनाले नही, डॉक्टरले दाखाडी ऱ्हायनू."

माझं आता चालणं होत नाही. बोरीच्या सावलीत मला बांधूनसुद्धा ठेवत नाहीत, जाणार कुठे. धनू भाकर पाण्यात भिजवून मला देते. घंटा नव्या मेंढ्याला द्यायची होती, पण तिनं ती काढली नाही.

तुम्ही कधी कुठल्या खांडीत गेलात, तर पुढे उभा असलेला जाड मेंढा पाहून परत फिरू नका. मागे जा. तिथे एखादी बसलेली असेल. तिच्यापाशी बसा थोडा वेळ. एवढं बोलायचं होतं.

आज सकाळी डॉक्टर आले होते. दाऊदनं पेटी उतरवली, कात्री काढली. मी उठून उभा राहिलो आणि मान पुढे केली. सवय. दाऊदनं जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "बस, गुय्या, बस." आणि ते सगळे माझ्यावरून मागे निघून गेले.

मी थोडा वेळ मान तशीच धरून उभा होतो. मग बसलो.